जिम लेथम: एक वर्ष आड पहिला नंबर, मग मधल्या वर्षी काय व्हायचं?

झुळूक:
मंडळी, रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच कबूल करते. नवरा टीव्हीवर बघत असतो तेव्हा मी फक्त विचारते की आता शिट्टी कशाला वाजली. पण जुने आकडे चाळायची खोड आहे, क्रिकेटचे संपले की कुठलेही चालतात. तर परवा रात्री इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या अगदी सुरुवातीच्या काळातली यादी बघत होते, कुठल्या सीझनला सगळ्यात जास्त ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन टेकवणं) कोणी मारले त्याची, आणि त्यात एक नाव सारखं डोळ्यात येत होतं. विगन क्लबचा जिम लेथम, विंगर. १९०५-०६ ला ४० ट्राय, पहिला. १९०७-०८ ला ४४, पहिला. १९०९-१० ला ४८, परत पहिला. म्हणजे एक वर्ष आड, आणि दर वेळी बरोब्बर चार वाढवून! मधल्या वर्षी साहेब कुठे जायचे? दुखापत? की एक वर्ष उपास धरायचे?

दुसरं म्हणजे त्याच्या नावापुढे 'प्रोफेशनल' लिहिलंय. १९०५ साली प्रोफेशनल म्हणजे काय, पगार, करार, आजच्यासारखं? आणि रग्बी युनियन नि रग्बी लीग हे दोन वेगळे का, हे घरात विचारलं तर उत्तर आलं 'लांबलचक भांडण आहे'. पुढे सांगेना, मॅच चालू होती.

बोकोबा:
भांडण लांबलचक आहे पण मुळात सहा शिलिंगांचं आहे, सांगतो.

उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे यॉर्कशर-लँकशर पट्ट्यात, रग्बी खेळणारे बरेचसे लोक खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारे होते. शनिवारी सकाळी कामावर जायचं आणि दुपारी मॅच. मॅच लांबच्या गावाला असली की सकाळचं काम बुडालं, काम बुडालं की मजुरी कापली. दक्षिणेकडच्या क्लबांत वकील-डॉक्टर आणि बड्या शाळांतून आलेली पोरं, त्यांना याचं काय. यॉर्कशरवाल्यांनी १८९३ साली रग्बी युनियनच्या लंडनच्या बैठकीत ठराव मांडला की बाबांनो खेळायचे पैसे नकोत, निदान बुडलेली मजुरी तरी भरून द्या. १३६ विरुद्ध २८२ मतांनी आपटला. म्हणे यानं खेळ बाटेल.

मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड स्टेशनला लागून जे जॉर्ज हॉटेल आहे तिथे उत्तरेतले क्लब जमले आणि वेगळी चूल मांडली, नाव नॉर्दर्न युनियन. पहिल्या सीझनला २२ क्लब, विगन त्यातच. बुडलेल्या मजुरीचे रोजचे ६ शिलिंग. तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे हिशेब करा. आणि हे पैसे घेतले, किंवा नुसता तिकडे जाऊन खेळला, तरी जुन्या युनियनचे दरवाजे जन्मभर बंद.

रग्बी लीग हे नाव १९२२ ला आलं बरं का, त्यामुळे लेथमला कोणी रग्बी लीगचा खेळाडू म्हटलं असतं तर तो बघतच राहिला असता. तो नॉर्दर्न युनियनवाला.

झुळूक:
वा बोकोबा, एवढं सोपं करून तर आमच्या घरीही सांगता आलं असतं. पण मग ६ शिलिंग ही भरपाई झाली ना, पगार कुठे झाला? मग प्रोफेशनल कसा?

मामलेदार:
बरोब्बर पकडलंत. उघड पैसे देऊन खेळवायला नॉर्दर्न युनियनने १८९८ ला परवानगी दिली, आणि ती देताना अशी एक अट घातली की मला अजून वाचून हसू येतं. खेळाडूकडे खेळाव्यतिरिक्त एक खरीखुरी नोकरी पाहिजे! म्हणजे प्रोफेशनल व्हायचं असेल तर आधी दुसरा प्रोफेशन दाखवा.

आणि 'खरीखुरी' म्हणजे काय त्यावर पण कलम. बिलियर्डच्या टेबलापाशी उभं राहून गुण मोजणारा मार्कर, पबमधला वेटर, असली कामं चालणार नाहीत. कारण उघड आहे, क्लबचा कोणीतरी हितचिंतक पबवाला असायचाच, तो म्हणणार पाठवा पोराला माझ्याकडे, दोन ग्लास उचलेल नि आठवड्याला पगार घेईल. ते बंद करायला हे कलम. वर नोकरी बदलली तर कळवायचं, आणि त्या आठवड्यात कामावर गेला नसाल तर शनिवारी खेळायचं नाही. मी स्वतः सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय त्यामुळे असलं कलम लिहिणारा माणूस मला डोळ्यासमोर दिसतो, खाली सही, बाजूला शिक्का. विंगरला शेजारच्या सेंटरने पास दिलाय, मैदान मोकळं आहे, पण मंगळवारी कामावर गैरहजर होता सबब शनिवारी बाद.

ही भानगड १९०५ ला काढून टाकली. लेथमचा पहिला मोठा सीझन १९०५-०६ चाच आहे, पण त्याचा याच्याशी संबंध जोडू नका, तो १९०३ पासून विगनकडे होताच. त्याआधी आपल्या गावच्या लँकेस्टर क्लबकडून खेळायचा.

पैशाचा अंदाज हवा असेल तर ट्रान्सफरचे आकडे बघा. १९०१ ला ब्रॅमलीहून सॅलफर्डला गेलेला जिम लोमास, त्याचे १०० पौंड म्हणजे केवढा गहजब. १९१३ ला बिली बॅटन हन्सलेटहून हल (Hull) क्लबकडे गेला ६०० पौंडांना. आणि हजाराचा आकडा गाठला तो १९२१ मध्ये हॅरल्ड बकने, हन्सलेटहून लीड्स, आणि हा बक विंगर होता हे लक्षात ठेवा, म्हणजे त्या जागेची किंमत कळेल. अर्थात हे पैसे क्लबने क्लबला दिलेले, खेळाडूच्या खिशात नाही गेले.

तिसरी_घंटा:
मूळ प्रश्न राहिला की बाजूला, मधल्या वर्षी काय व्हायचं? मी कॉलेजात तीन वर्षं विंगवर खेळलोय (युनियन, लीग नव्हे) त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

विंगर म्हणजे ओळीत सगळ्यात शेवटचा, टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून उभा. चेंडू त्याच्यापर्यंत यायचा तर आधी सहासात हातांतून जावा लागतो आणि त्यातला एक हात जरी घसरला तरी तुम्ही आपले तिथे कंबरेवर हात ठेवून. आमच्या एका मॅचला मी अख्ख्या हाफमध्ये चेंडूला दोनदा शिवलो, त्यातलं एकदा तो बाहेर गेलेला उचलून देताना. थंडीत तर बोटं इतकी आखडतात की शेवटी चेंडू येतो तेव्हा हातातून साबणासारखा निसटतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. त्या काळचा चेंडू तर चामड्याचा, नाडीने बांधलेला, पाऊस पडला की पाणी पिऊन जड. त्यामुळे विंगरचे आकडे हे अर्धे त्याच्या आतल्या बाजूला जो सेंटर उभा असतो त्याचे असतात हे माझं स्पष्ट मत आहे. सेंटर काय करतो, समोरचा माणूस आपल्या अंगावर ओढून घेतो, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत, आणि मग चेंडू सोडतो. एक पाऊल आधी सोडला तर बचाव करणारा सरकून विंगरवर जातो, एक पाऊल उशिरा सोडला तर चेंडूसकट आडवा. त्या एका पावलात सगळं आहे. ते जमलं की विंगरला फक्त पळायचं असतं (फक्त!).

आता मधली वर्षं. १९०६-०७ ला पहिला आला हॅलिफॅक्सचा एकल्स, ४१ ट्राय. लेथम कुठे गेला नव्हता, दुसऱ्याचे जास्त झाले इतकंच. आणि १९०८-०९ ची तर गंमतच आहे. त्या वर्षी ४९ ट्राय मारून पहिला कोण आला, तर मिलर. कुठल्या क्लबचा? विगनचाच! दुसऱ्या टोकाचा विंगर.

झुळूक:
काय सांगता!! म्हणजे घरातल्या घरातच. मी यादीत मिलर वाचला पण क्लबाचं नाव बघितलंच नाही.

तिसरी_घंटा:
हो ना. विगनची ती चौघांची ओळ जुने लोक एका दमात म्हणायचे, लेथम, जेन्किन्स, टॉड, मिलर. मधले दोघे सेंटर. बर्ट जेन्किन्स वेल्सचा आणि लान्स टॉड न्यूझीलंडचा. हा टॉड १९०७-०८ ला न्यूझीलंडच्या पहिल्या दौऱ्याबरोबर आला आणि विगनने त्याला ठेवूनच घेतला (त्याच दौऱ्यात विगनने न्यूझीलंडला १२-८ असं हरवलं होतं, बहुतेक तेव्हाच डोळ्यात भरला असेल). आजही रग्बी लीगच्या चॅलेंज कपच्या फायनलला जो सामनावीर ठरतो त्याला लान्स टॉड ट्रॉफी देतात, तोच हा. तर १९०८-०९ हा टॉडचा विगनमधला पहिला अख्खा सीझन, आणि त्याच वर्षी मिलरचे ४९. आता एका हल्ल्यात चेंडू एकाच टोकाला जाणार, डावीकडे गेला तर उजवीकडचा बसला बोंबलत. माझा अंदाज असा की त्या वर्षी माप मिलरच्या पदरात जास्त पडलं. पण तेच वर्ष विगनचं सगळ्यात भारी, फायनलमध्ये ओल्डहॅमला ७-३ हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाले, वर लँकशर कप पण. तेव्हा लेथमला वाईट वाटलं असेल असं काही वाटत नाही.

आणखी एक. १९०६ ला नियमच बदलले. आधी पंधरा-पंधरा खेळायचे, ते तेरा-तेरा केले, दोन्हीकडचे पुढच्या फळीतले दोन-दोन दांडगे फॉरवर्ड कमी. आणि पकडून पाडला की दर वेळी स्क्रम व्हायची, म्हणजे सगळे फॉरवर्ड एकमेकांत डोकी घालून रेटारेटी, ती बंद करून पडलेल्यानेच उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा. मैदान तेवढंच, माणसं चार कमी, खेळ थांबणं कमी. विंगरसाठी दिवाळीच. तेव्हा लेथमचे ४० हे जुन्या नियमांतले आणि ४४ नि ४८ हे नव्या नियमांतले, ते एका तागडीत तोलू नयेत. उलट मी म्हणेन ४० हेच सगळ्यात अवघड.

अर्धवटराव:
तिसरी_घंटा, तुमची थिअरी छान आहे पण ओल्डहॅमच्या विल्यम्सचं काय करता? १९००-०१ ला पंधरा-पंधराच्या काळात ४७ मारलेत त्याने. त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही ३९ आणि ३६, तिन्ही वर्षी पहिलाच. तुमच्या हिशोबाने त्याचे ४७ म्हणजे नव्यातले साठ-सत्तर धरायचे का मग :D

आणि कोणीच कसं बोललं नाही, रोझेनफेल्ड! हडर्सफील्डचा. १९११-१२ ला ७८ आणि १९१३-१४ ला ८०. ऐंशी! तो आकडा अजून कोणी मोडलेला नाही. लेथमचे ४८ त्याच्यापुढे काय?

तिसरी_घंटा:
विल्यम्सचा मुद्दा मान्य, तिथे माझी पंचाईत आहे. तो अपवाद म्हणावा तर तीन वर्षं लागोपाठ अपवाद कसा असेल. म्हणजे नियमांपेक्षा कुठल्या क्लबात आहात तेच जास्त महत्त्वाचं म्हणायचं. नियमांनी मदत झाली एवढं तरी राहू द्या माझ्या पदरात.

मामलेदार:
अर्धवटराव, रोझेनफेल्ड थोर, वाद नाही, पण तो ऑस्ट्रेलियन. १९०८-०९ च्या कांगारूंच्या पहिल्या दौऱ्यावर आला, हडर्सफील्डची मुलगी आवडली, लग्न केलं आणि तिथलाच झाला. झुळूकताईंचा धागा इंग्लिश विंगरबद्दल आहे. आणि त्याच्याभोवतीची टीम बघा, हॅरल्ड वॅगस्टाफ कॅप्टन, १९१४-१५ ला होते नव्हते ते चारही कप उचललेली टीम. तिसरी_घंटा म्हणतात तेच परत, शेवटच्या माणसापर्यंत चेंडू जितक्या वेळा पोचतो तितके ट्राय.

शिवाय लेथम नुसता ट्राय मारणारा नव्हता, गोलकिकही मारायचा. हे कमी लेखू नका. ट्राय तेव्हा ३ गुणांचा आणि त्यानंतरची किक २ गुणांची. विंगर ट्राय मारणार कोपऱ्यात, मग किक पण टचलाइनजवळून, सगळ्यात वाईट कोनातून. पन्नास-साठ यार्ड धावून उडी मारलेला माणूस चिखल पुसून उठतो, चेंडू ठेवतो आणि स्वतःच मारतो. विगनसाठी त्याचे अडीचशेच्या वर ट्राय आहेत, आणि दोनशेच्या वर गोल.

पुन्हा कॅप्टन. टोपणनाव 'जेंटलमन जिम'. ज्या खेळाला दक्षिणेतले सद्गृहस्थ बाटलेला म्हणत होते त्यातल्या माणसाला हे नाव पडावं, बाकी काही म्हणा, नाव ठेवणारा बेरकी असणार.

बोकोबा:
१९१० चा दौरा राहिलाच की! नॉर्दर्न युनियनचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा पहिला दौरा, २६ खेळाडू, बोटीने, कॅप्टन वर आलेला तोच १०० पौंडवाला लोमास. सिडनीची पहिली टेस्ट २७-२० जिंकले. दुसरी ब्रिस्बेनला, २ जुलै १९१०, २२-१७. त्या २२ मधले १२ गुण एकट्या लेथमचे, चार ट्राय. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एका टेस्टमध्ये ब्रिटनकडून त्याच्यापुढे कोणी गेलेलं नाही. वय तीस, विंगरसाठी म्हणजे उतरतीचं. आणि हे ४८ ट्रायचा सीझन संपवून, आठवडेच्या आठवडे बोटीत बसून आल्यावर. मला तर जेवण झाल्यावर जिना चढवत नाही.

तेव्हा झुळूकताई, तुमच्या यादीतलं तिसरं वर्ष तिथे संपत नाही, त्याची शेपटी ब्रिस्बेनपर्यंत जाते. यादीत फक्त सीझन दिसतो, दौरा दिसत नाही.

झुळूक:
तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी यादी पार बदलून टाकली. मी ती चौकोनात चौकोन अशी बघत होते. पण १९०९-१० नंतर त्याचं नाव वर दिसतच नाही. तो थांबला का?

काठावरचा:
नेहमी नुसता वाचत असतो, आज लिहितोय कारण मी नोकरीनिमित्त दोन वर्षं लँकेस्टरला राहिलोय.

१९१२ च्या सुमारास तो खेळायचा थांबला. मग १९१४ ला युद्ध, नंतर खेळाचं सगळंच विस्कटलं. आणि ऑगस्ट १९१६ मध्ये लून नदीत बोट उलटून लेथम बुडाला. वय ३६.

लँकेस्टर या गावाच्या नावातच ती नदी आहे, लून. गावात पुलावरून बघाल तर साधी, शांत दिसते. पण खाली मोरकॅम्बच्या खाडीकडे जाते तिथे प्रकार वेगळा. ओहोटीला नुसता चिखल आणि वाळूचे पट्टे, बोटी कुशीवर पडलेल्या, मला पहिल्यांदा वाटलं की ह्या टाकून दिलेल्या आहेत. मग दीडदोन तासांनी परत आलो तर त्याच बोटी तरंगत होत्या आणि मी ज्या दगडावर बसून डबा खाल्ला होता तो दगड गायब. पाणी समोरून लाट होऊन येत नाही, आजूबाजूच्या चरांतून गुपचूप भरतं, तुम्ही समोर बघत असता आणि ते मागून आलेलं असतं. तिथले लोक अनोळखी माणसाला हटकून सांगतात, भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय खाली उतरू नका. लेथम तर तिथलाच जन्मलेला.

विगनलाही गेलो होतो एकदा, मुद्दाम सेंट्रल पार्क बघायला, १९०२ पासूनचं ग्राउंड. ते १९९९ लाच बंद झालंय आणि तिथे टेस्कोचं सुपरमार्केट आहे, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. दूध आणि ब्रेड घेतला नि परत आलो.

अर्धवटराव:
काठावरचा, लिहीत जा हो अधूनमधून.

मी माझे ऐंशी मागे घेत नाही पण आवाज थोडा कमी करतो.

मामलेदार:
+१. वाचनखूण साठवली. टॉडबद्दल कोणीतरी वेगळा धागा काढा, तो माणूस पुढे मॅनेजर झाला, रेडिओवर बोलायला लागला, त्याच्यावर एवढंच लिहून भागणार नाही.

झुळूक:
काढते, पण आधी जरा वाचू दे.

काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, टीव्ही बंद करून. सहा शिलिंग ऐकलं, मंगळवारच्या गैरहजेरीवर खो खो हसला, दगडावरच्या डब्यापाशी गप्प बसला. मग म्हणाला, ४०, ४४, ४८ हे सगळं ठीक आहे, पण मधल्या दोन वर्षी त्याचे स्वतःचे किती होते? एकल्सचे ४१, मिलरचे ४९, ते कळलं. लेथमचे? मी परत यादी उघडली, तर त्यात फक्त पहिल्या नंबरचीच नावं आहेत. कोणाकडे विगनचे त्या वर्षांचे मॅचवार आकडे असतील तर इथेच टाका, मी बेरीज करते.